हमीपत्रावरची सही

आमच्या महाविद्यालयाच्या क्रीडा विभागातील लोखंडी कपाटात बारा हमीपत्रांचा एक गठ्ठा अजून आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मुलींच्या कबड्डी संघाकडून मी ती भरून घेतली होती. मजकूर जुनाच होता, माझ्या आधीच्या क्रीडाशिक्षकांच्या काळापासून चालत आलेला: "माझी पाल्य स्वेच्छेने स्पर्धेत सहभागी होत असून, स्पर्धेदरम्यान अथवा प्रवासात कोणतीही दुखापत किंवा अपघात झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील, महाविद्यालय त्यास जबाबदार राहणार नाही." त्या वर्षी कार्यालयाने त्यात "दुखापत" या शब्दानंतर स्वल्पविराम देऊन "कोविडची बाधा" एवढेच शब्द घातले होते. खाली खेळाडूची सही, पालकाची सही आणि "समक्ष" या शब्दापुढे माझी सही. बारापैकी तीन पालकांनी अंगठा उमटवला होता, आणि त्या तिघांना मी मजकूर वाचून दाखवला नव्हता. हे लिहायला बसण्याचे खरे कारण तेच आहे.

नागपुरात पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी सापडला आणि त्यानंतर जवळपास दीड वर्ष आमच्या मैदानावर शिटी वाजली नाही. मार्च २०२१ मध्ये शहरात पुन्हा आठवडाभराची कडक टाळेबंदी लागली, एप्रिलमध्ये तर मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांसमोर खाटेसाठी ताटकळणारी माणसे आणि घाटांवरील रांगा या शहरातल्या प्रत्येकाने पाहिल्या. माझ्या संघातील दोन मुलींच्या घरी त्या महिन्यात माणसे गेली. त्यामुळे २० ऑक्टोबर २०२१ पासून लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालये उघडली तेव्हा मुली ज्या ओढीने मैदानावर आल्या, तिचे वर्णन करणे मला कठीण आहे. कोणी उमरेड रस्त्यावरून, कोणी हिंगण्याहून, कोणी कामठीहून सकाळी साडेपाचला निघून येत असे. पदव्युत्तर वर्गातल्या मुलींची तर दोन वर्षे हातची गेली होती. आपल्याकडे शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या घरांत या आकड्याला फार मोठा अर्थ असतो, आणि प्रमाणपत्र मिळवण्यासाठी आधी स्पर्धा व्हावी लागते. "आम्ही खेळतो, सर, काही होत नाही" असे त्या म्हणत तेव्हा ती बेफिकिरी नव्हती. न खेळण्याची किंमत त्यांनी मोजून पाहिली होती आणि खेळण्याची किंमत त्यांना कोणी सांगितली नव्हती.

ती सांगणे माझे काम होते. कबड्डी हा खेळ साथीच्या रोगाच्या दृष्टीने किती अवघड आहे, हे ज्याने चटईवर सकाळ काढली आहे त्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. चढाई करणारी खेळाडू तीस सेकंद मोठ्याने, न थांबता "कबड्डी कबड्डी" असा दम घेत असते, समोर सात जणी हातात हात गुंफून उभ्या असतात, आणि पकड झाली की चार-पाच चेहरे एकमेकींपासून वीतभर अंतरावर येऊन धापा टाकतात. आवाज जितका मोठा तितके तोंडावाटे बाहेर पडणारे सूक्ष्म कण अधिक, हे साथीच्या आधीच प्रयोगांत दिसले होते. त्यात आता मातीचे मैदान मागे पडून चटई आली आहे आणि चटईबरोबर बंद सभागृह आले आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जून २०२० मध्ये बंदिस्त रिंगणात हौशी खेळाडूंचा आइस हॉकीचा एक सामना झाला होता. त्यात खेळलेल्या २२ जणांपैकी १४ जणांना आणि रिंगणातील एका कर्मचाऱ्याला पुढील काही दिवसांत लक्षणे दिसली. त्या खेळात तर अंगावर जाड कपडे आणि डोक्यावर शिरस्त्राण असते. आमच्या मुली अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत खेळतात.

आणि तरीही, सामन्याची ती तीस मिनिटे हा सर्वांत मोठा धोका नाही असे माझे मत होत गेले. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने (एनएफएल) २०२० च्या हंगामात आपल्या खेळाडूंचे संपर्क बारकाईने तपासले तेव्हा एकत्र जेवण, एका वाहनातून प्रवास आणि बंद खोलीतल्या बैठका या गोष्टी पुढे आल्या, आणि काही वेळा तर पंधरा मिनिटांपेक्षा कमी सहवासातही बाधा झाल्याचे दिसले. आमचा संघ बाहेरगावी जातो तेव्हा काय होते ते आठवून पाहावे. स्लीपर डब्यात बारा मुलींना मिळून सात-आठ शायिका पक्क्या झालेल्या असतात, बाकीच्या दोघी-दोघी एका शायिकेवर झोपतात. यजमान महाविद्यालय एका वर्गखोलीतले बाक बाजूला सारून गाद्या घालून देते, एका मजल्याला दोन स्नानगृहे असतात, आणि जेवणाच्या मंडपात सहा विद्यापीठांचे संघ एकाच रांगेत ताट घेऊन उभे राहतात. मैदानाच्या दाराशी कपाळावर तापमापक धरणारा एक स्वयंसेवक उभा केला की सुरक्षिततेचे काम झाले, असे आम्ही सर्वांनी मानले होते. मीही मानले होते.

जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात ओमायक्रॉनमुळे महाविद्यालये पुन्हा बंद झाली. आमच्या संघातील सर्वांत चांगल्या चढाईपटूला, पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला, जानेवारीच्या मध्यावर बाधा झाली. दोन दिवस ताप, घसा, अंगदुखी, आणि मग बरी. तिचे वडील ऑटो चालवतात, घर दोन खोल्यांचे, त्यामुळे ती आठवडाभर मावशीकडच्या गच्चीवरील खोलीत राहिली. त्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सौम्य रुग्णांसाठी गृहविलगीकरणाची मुदत सात दिवसांवर आणली होती, अट एवढीच की शेवटचे तीन दिवस ताप नसावा. आठवा दिवस उजाडला आणि दहाव्या दिवशी ती मैदानावर हजर झाली.

या सात दिवसांचा अर्थ आपण सगळ्यांनी चुकीचा लावला, असे मला आज ठामपणे वाटते. सात दिवसांनी रुग्णाला घराबाहेर पडता येईल, कारण आता त्याच्यापासून इतरांना धोका कमी आहे, एवढेच तो नियम सांगत होता. त्याचे स्वतःचे शरीर चढाई करायला, चारशे मीटर धावायला किंवा दंड-बैठका काढायला तयार झाले आहे, असे तो कधीच सांगत नव्हता. खेळवैद्यकातील जाणकारांनी २०२० मध्येच सुचवलेला क्रम वेगळा होता: लक्षणे सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस विश्रांती, त्यातले निदान सात दिवस पूर्ण लक्षणरहित, मग आधी चालणे, मग हलके धावणे, मग सराव, आणि सर्वांत शेवटी सामना, तोही प्रत्येक टप्प्यावर नाडी आणि थकवा पाहून. हा क्रम कोणा तज्ज्ञालाच कळावा इतका अवघड नाही. एका कागदाच्या अर्ध्या पानावर तो मावतो, आणि ते अर्धे पान मी माझ्या खेळाडूंना दिले नव्हते.

एवढी काळजी कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हा अनेकांनी विचारला. कारण हृदय. विषाणूच्या संसर्गामुळे कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि ती असताना जोरकस व्यायाम केला तर हृदयाची लय बिघडून खेळाडू मैदानावरच कोसळू शकतो. हा धोका कोविडच्या आधीपासून माहीत आहे. संसर्ग झालेल्या उंदरांना पोहायला लावले असता त्यांच्या हृदयात विषाणूची वाढ अधिक होते, हे कॉक्सॅकी विषाणूच्या कित्येक दशकांपूर्वीच्या प्रयोगांत दिसले होते. सप्टेंबर २०२० मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातील डॉक्टरांनी कोविड होऊन गेलेल्या २६ विद्यार्थी-खेळाडूंच्या हृदयाचे एमआरआय काढले आणि त्यांतील ४ जणांत, म्हणजे १५ टक्क्यांत, अशा सुजेची चिन्हे आढळल्याचे सांगितले. त्या आकड्याने जगभरच्या क्रीडाक्षेत्राला घाबरवले. पुढे मोठ्या पाहण्या झाल्या तेव्हा चित्र बरेच सौम्य निघाले. बिग टेन या विद्यापीठगटातील १,५९७ खेळाडूंपैकी ३७ जणांत, म्हणजे २.३ टक्क्यांत ती चिन्हे होती, आणि ४२ महाविद्यालयांतील ३,०१८ बाधित खेळाडूंच्या दुसऱ्या नोंदवहीत हृदयावर परिणाम झालेले २१ जण, म्हणजे ०.७ टक्के निघाले. यातला एक तपशील मात्र माझ्या मनातून जात नाही. बिग टेनच्या त्या पाहणीत केवळ छातीतल्या तक्रारींवर विसंबून तपासण्या केल्या असत्या तर ३७ पैकी फक्त ५ जण सापडले असते. बाकीच्यांना छातीचा काही त्रास जाणवतच नव्हता.

तर ती दहाव्या दिवशी आली. रेशीमबागेच्या मैदानाला आम्ही सकाळी दोन फेऱ्या मारतो, तिथे ती नेहमी सर्वांच्या पुढे असे. त्या दिवशी ती मध्यावर होती, आणि फेरी संपल्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली, तेव्हा तिच्या गळ्याजवळची शीर उडताना मला लांबून दिसली. मी नाडी मोजली. पाच मिनिटे बसवून पुन्हा मोजली, ती पुरेशी खाली आली नव्हती. मी तिला सराव थांबवायला सांगितले.

"काहून, सर? मी बरी झाली ना आता. सात दिवस तं होऊन गेले."

निवड चाचणीची तारीख फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली होती. मी तिला म्हटले, की हृदयाची तपासणी झाल्याशिवाय आणि क्रमाक्रमाने सराव वाढवल्याशिवाय मी तुझे नाव पुढे पाठवणार नाही. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने फक्त विचारले, की हे वर्ष गेले तर मला परत मिळेल का. मला उत्तर देता आले नाही.

संध्याकाळी तिचे वडील महाविद्यालयाच्या फाटकाशी ऑटो लावून मला भेटायला आले. त्यांना राग आला असेल असे मला वाटले होते, पण ते हात जोडून उभे राहिले, आणि तेच मला अधिक लागले. "सर, तुमीच सांगा, आमाले काय समजते. पोरीचं शेवटचं वर्ष हाय," ते म्हणाले. मी ईसीजी, टू-डी इको आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्तातील ट्रोपोनिनची चाचणी यांविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला: याचा खर्च कोण करणार? क्रीडा शुल्कातून आम्ही चटई घेतो, जर्सी शिवतो, प्रवासभत्ता देतो. तपासणीचे शीर्षक आमच्या जमाखर्चात नव्हते. मी कार्यालयात विचारले तेव्हा त्यांनी मला हमीपत्राची प्रत काढून दाखवली, ज्यात सर्वस्वी जबाबदारी पालकांची असल्याचे लिहिले होते आणि खाली माझी सही होती. ईसीजी सरकारी रुग्णालयात झाला, इको आणि रक्तचाचणीसाठी वडिलांनी खासगीत पैसे भरले. त्यांनी ऑटोचा त्या महिन्याचा हप्ता पुढे ढकलला, हे मला फार नंतर कळले.

सर्व अहवाल निर्दोष आले. डॉक्टरांनी आणखी दोन आठवडे जोरकस व्यायाम टाळून मग हळूहळू सुरुवात करायला सांगितले, आणि तोवर निवड चाचणी होऊन गेली होती. नंतर एकदा भेटली तेव्हा ती म्हणाली, "सर, रिपोर्ट तं नॉर्मल होता." त्यात तक्रारीचा सूर नव्हता, ती एक वस्तुस्थिती सांगत होती. तिला थांबवण्याचा माझा निर्णय चुकीचा होता असे मी मानत नाही. पुढच्या वेळी अशीच नाडी हाताला लागली तर मी हेच करीन. अहवाल हातात नसताना निर्णय घ्यावा लागतो, आणि अहवाल आल्यावर त्याचा हिशेब मांडला जातो, हे प्रत्येक प्रशिक्षकाच्या वाट्याला येते. पण त्या निर्णयाची किंमत कोणी दिली? खर्च वडिलांनी केला, वर्ष मुलीचे गेले. महाविद्यालयाचे काही गेले नाही, माझेही काही गेले नाही. खबरदारीचा निर्णय आमचा होता आणि त्याचा सगळा भार त्या घरावर पडला, हे मला पटत नाही. समजा मी तिला थांबवले नसते आणि ती चटईवर कोसळली असती, तरीही त्या कागदानुसार जबाबदारी त्यांचीच ठरली असती.

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात पैसा अफाट आहे, त्यांचे सगळे आपण घ्यावे असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बिग टेनने फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला आणि पाच आठवड्यांत तो निर्णय फिरवला, त्यामागे दूरचित्रवाणीचे उत्पन्नही होते हे उघड आहे. मात्र त्याच ऑगस्टमध्ये तेथील महाविद्यालयीन खेळांची मध्यवर्ती संस्था एनसीएए हिने दोन गोष्टी केल्या, ज्या मला फार मोलाच्या वाटतात. कोविडसंबंधीचे कायदेशीर हक्क सोडून देणारे हमीपत्र कोणत्याही खेळाडूकडून सहभागाची अट म्हणून घेण्यास तिने महाविद्यालयांना मनाई केली, आणि आरोग्याच्या काळजीपोटी जो खेळाडू त्या हंगामात खेळणार नाही त्याची शिष्यवृत्ती कायम ठेवावी असे बजावले. शिवाय त्या वर्षीच्या खेळाडूंना पात्रतेचे एक वर्ष वाढवून दिले. हे आपोआप झाले नाही. पॅसिफिक किनाऱ्यावरील विद्यापीठांच्या फुटबॉल खेळाडूंनी ऑगस्टच्या सुरुवातीलाच एकत्र येऊन आरोग्यसुरक्षेच्या मागण्या जाहीरपणे मांडल्या होत्या, तर दुसरीकडे कित्येक नामवंत खेळाडू आम्हाला खेळायचेच आहे असे तितक्याच जाहीरपणे सांगत होते. दोघांचेही म्हणणे ऐकले गेले. माझ्या बारा मुलींपैकी एकीलाही, तुला काय हवे आणि कशाची भीती वाटते, असे कोणी विचारले नव्हते.

आपल्याकडे याचे भान नव्हते असेही नाही. २०२०-२१ ची रणजी स्पर्धा, १९३४-३५ मध्ये सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, रद्द करण्यात आली. लागोपाठ दोनदा ती जिंकलेल्या विदर्भात त्याची हळहळ फार झाली. पण क्रिकेट नियामक मंडळाने पुढे आदल्या हंगामात खेळलेल्या खेळाडूंना सामनामानधनाच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून जाहीर केली, म्हणजे न खेळण्याची किंमत खेळाडूने एकट्याने सोसू नये हे तत्त्व आपल्या देशातही मान्य झालेले आहे. आयपीएलचा बंदोबस्त तर सर्वांना ठाऊक आहे: स्वतंत्र हॉटेले, वारंवार चाचण्या, बाहेरच्या माणसाला मज्जाव. तरीही ४ मे २०२१ रोजी २९ सामन्यांनंतर ती स्पर्धा थांबवावी लागली. प्रो कबड्डीचा आठवा हंगाम डिसेंबर २०२१ पासून बंगळुरूमधील एकाच हॉटेलात, प्रेक्षकांविना खेळवला गेला, आणि तिथेही बाधा शिरून वेळापत्रक बदलावे लागले. जिथे एवढा पैसा ओतूनही कुंपण टिकले नाही, तिथे वर्गखोलीतील गाद्यांवर झोपणाऱ्या मुलींच्या संघाला आम्ही एका सहीच्या भरवशावर पाठवायला निघालो होतो.

गेल्या महिन्यात मी हमीपत्राचा नवा नमुना तयार केला. "सर्वस्वी जबाबदारी" हे वाक्य त्यातून काढले आहे. त्याऐवजी तीन प्रश्न आहेत: गेल्या तीन महिन्यांत तापाचा मोठा आजार झाला का आणि कोणत्या तारखेला, धावताना छातीत दुखणे, धडधड किंवा चक्कर जाणवते का, आणि घरात कोणाचा पन्नाशीच्या आत अचानक हृदयविकाराने मृत्यू झाला आहे का. हे प्रश्न कोविडपुरते नाहीत. आपल्याकडे डेंग्यू दर पावसाळ्यात येतो, आणि डेंग्यूतून उठलेली मुले ऑक्टोबरमध्ये थेट स्पर्धेला उतरलेली मी कित्येक वर्षे पाहत आलो आहे. प्रश्नांच्या खाली लिहिले आहे की डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी महाविद्यालय क्रीडा शुल्कातून करून देईल, आणि प्रकृतीच्या कारणाने थांबलेल्या खेळाडूची संघातील जागा व सवलती कायम राहतील. शेवटी "समक्ष" या शब्दाच्या जागी "मजकूर वाचून दाखवला" असे शब्द आहेत आणि त्यापुढे क्रीडाशिक्षकाची सही आहे.

प्राचार्यांनी तो मसुदा कायदेशीर सल्ल्यासाठी ठेवून घेतला आहे. खर्चाच्या वाक्यावर हरकत येईल असे त्यांनी मला मोकळेपणाने सांगितले, आणि मी त्यांना त्या ऑटोच्या हप्त्याविषयी सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. या पंधरवड्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या प्रवेशिका पाठवायच्या आहेत. कार्यालयाने जुन्या नमुन्याच्या चाळीस प्रती माझ्या टेबलावर आणून ठेवल्या आहेत, आणि मी त्या अजून वाटलेल्या नाहीत.